ओमेगा स्पीडमास्टर प्रोफेशनल

ओमेगा स्पीडमास्टर प्रोफेशनल हे स्वित्झर्लंडमधील ओमेगा कंपनीचे, हाताने चावी द्यावे लागणारे यांत्रिक क्रोनोग्राफ मनगटी घड्याळ आहे. स्पीडमास्टर मालिका १९५७ साली सुरू झाली. १९६५ मध्ये नासाने समानव अंतराळ मोहिमांसाठी हे घड्याळ प्रमाणित केले. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानाचा मार्ग सुधारताना इंजिन १४ सेकंद चालवावे लागले. ती वेळ याच घड्याळावर मोजली गेली.

रचना व वापर

मधला लांब काटा क्रोनोग्राफचे सेकंद दाखवतो. नेहमीचे सेकंद ९ च्या बाजूच्या लहान तबकडीवर दिसतात. ३ च्या बाजूस ३० मिनिटांची व ६ च्या बाजूस १२ तासांची नोंद होते. वरची कळ मापन सुरू व बंद करते, तर खालची काटे शून्यावर आणते. मापन चालू असताना खालची कळ दाबल्यास यंत्रणेला इजा होऊ शकते.

सामान्य दोष

मापन बंद असताना मधला काटा स्थिर राहणे हा दोष नव्हे. शून्यावर न येणारा काटा कारागिराकडून पुन्हा बसवून घ्यावा लागतो. जुन्या यंत्रणेचे घड्याळ अचानक पुढे जाऊ लागल्यास त्यात चुंबकत्व आल्याची शक्यता असते. अशा वेळी आतील बारीक कमानीचे वेढे एकमेकांना चिकटतात. चुंबकत्व काढून टाकल्यावर गती सहसा पूर्ववत होते.