सड्यावरील मुक्काम

कोंकण म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें नारळीपोफळींचीं आगरें, भातखाचरें आणि खाडीवरचीं गलबतें उभीं राहतात. हें चित्र खोटें नव्हे; पण तें अर्धें आहे. रत्नागिरी जिल्ह्यांत खाडीकांठची वाडी सोडून पाखाडीनें वर चढावें, तों घटकाभरांत झाडें संपतात आणि माणूस एका विस्तीर्ण, सपाट, काळपट तांबड्या कातळावर येऊन उभा राहतो. यास येथील लोक सडा म्हणतात. वैशाखांत तेथें गवताची हिरवी काडी दिसत नाहीं, सावलीस झाड नसतें, आणि दुपारीं अनवाणी पाऊल टेकवत नाहीं. वाळवंट पाहण्यास मारवाडांत जाण्याचें कारण नाहीं. ज्या जिल्ह्यांत वर्षास तीन हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो, त्याच जिल्ह्याच्या माथ्यावर पावसाळा सरतांच एक वाळवंट पसरतें.

या विरोधाचें कारण दगडांतच आहे. हा जांभा दगड. फ्रान्सिस बुकॅनन यानें १८०७ सालीं मलबारांतील अशाच दगडाचें वर्णन करून त्यास विटेच्या लॅटिन नांवावरून ‘लॅटराइट’ ही संज्ञा दिली. उष्णता आणि पाऊस यांनीं मूळचा खडक दीर्घ काळ कुजवला. त्यांतील सिलिका वाहून गेली, आणि लोह व ॲल्युमिनियम मागें राहून घट्ट झालीं. या दगडाचें वरचें कवच कठीण, पण आंत तो सच्छिद्र. म्हणून पडलेलें पाणी माथ्यावर ठरत नाहीं. तें खालीं झिरपतें, मातकट थराशीं अडतें, आणि सड्याच्या कडेस, घळींत, झरा होऊन बाहेर येतें. कोंकणांतील वाड्या उतारावर आणि पऱ्याकांठीं कां वसल्या, याचें उत्तर पुष्कळ अंशीं येथें आहे. सडा कोरडा खरा. परंतु खालच्या विहिरीस जें पाणी लागतें तें या कोरड्या दगडानेंच पोटांतून गाळून दिलेलें असतें.

हा प्रदेश वाडींतून न पाहतां माथ्यावर राहून पाहावा, या हेतूनें गेल्या वैशाखांत आम्ही चौघे मोटारींत राहुट्या, शिधा आणि पाण्याचे डबे घालून रत्नागिरीहून निघालों. भाट्याची खाडी, पावस, पूर्णगड, मुचकुंदीचा पूल, मग काशेली, आडिवरें, देवाचें गोठणें आणि बारसू असा मार्ग. चार रात्री, आणि त्या सर्व गांवकऱ्यांच्या अनुमतीनें उघड्या सड्यावर. पहिल्याच सायंकाळीं कातळानें आपला स्वभाव दाखविला. राहुटीच्या मेखा त्यांत शिरेनात. दोऱ्या मोठाल्या दगडांस बांधाव्या लागल्या. दिवसभर तापलेला दगड मध्यरात्रीपर्यंत अंथरुणाखालून ऊब देत राहिला.

तिसऱ्या दिवशीं डबे निम्म्यावर आले, तेव्हां एका वृद्ध गुराख्यास आम्हीं विचारलें, “बाबा, येथें पाणी कोठें मिळेल?” तो म्हणाला, “वर कुठलं पाणी, मास्तर? सड्याचं पाणी सड्याखाली.” मग त्यानें आम्हांस कडेपर्यंत नेलें. करवंदीच्या जाळीखालीं मनगटाएवढी धार एका दगडी डोणींत पडत होती. जातांयेतां त्यानें प्रत्येक खोलगट जागेचें, प्रत्येक सुट्या धोंड्याचें नांव सांगितलें. आमच्याजवळच्या नकाशावर तो सर्व भाग कोरा होता.

या कोऱ्या भागावरच कोंकणांतील अतिप्राचीन माणूस आपली खूण ठेवून गेला आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई या अभ्यासकांनीं अलीकडच्या वर्षांत सडे पायीं तुडवून, गांवोगांवच्या लोकांस विचारून, कातळांत कोरलेलीं शेंकडों चित्रें उजेडांत आणलीं. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यांत सुमारें ७० ठिकाणीं १,५०० हून अधिक आकृति नोंदल्या गेल्या आहेत. काशेलीचा हत्ती सुमारें १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असून त्याच्या देहांत इतर अनेक प्राणी कोरले आहेत. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्यें उभा पुरुष आहे. सिंधु संस्कृतीच्या मुद्रांवर असेंच एक चित्र आहे, म्हणून तो अभ्यासकांच्या विशेष कुतूहलाचा विषय झाला. देवाचें गोठणें येथें मनुष्याकृतीजवळ होकायंत्र ठेविलें असतां सुई आपली दिशा सोडते. या चित्रांत मासे आहेत, पाकट आहे, आज कोंकणांत नांवासही न उरलेला गेंडा आहे; पण नांगर नाहीं, पेरणी नाहीं. यावरून तीं शेतीपूर्व काळांतील शिकारी लोकांचीं असावींत, आणि कांहीं तर १२,००० वर्षांपूर्वींचीं असावींत, असें पुष्कळ अभ्यासक मानतात.

काशेली येथें कनकादित्याच्या देवळांत शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा ताम्रपट आहे. आजवर आम्ही शिक्षक लोक या गांवाचा इतिहास त्या ताम्रपटापासून सुरू करीत आलों. राजा, दान आणि दान घेणारा असे तिघे असले म्हणजे आमच्या मतें इतिहास घडला! परंतु ताम्रपटाहून कित्येक सहस्र वर्षें जुना असा एक लेख त्याच गांवच्या माथ्यावर उघडा पडला होता. त्याकडे पाहतांना आम्हांस एक साधा प्रश्न सुचतो. अठरा मीटरांचा हत्ती एका दिवसांत कोरला जात नाहीं. कोरणारे तेथें राहिले असले पाहिजेत. त्यांस पाणी, अन्न आणि रात्रीचा निवारा लागला असला पाहिजे. म्हणजे आम्ही ज्यास निर्जन म्हणतों त्या कातळावर मुक्काम करण्याची विद्या त्यांस अवगत होती. ती त्या गुराख्याच्या विद्येहून फार निराळी नसावी, असा आमचा तर्क आहे.

अशी विद्या नसलेल्यांची गत काय होते, याचें उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या इतिहासांत आहे. १८६० सालीं बर्क आणि विल्स हे मेलबर्नहून उत्तरेकडे तो ओसाड खंड ओलांडण्यास निघाले. त्यांच्यासाठीं उंट हिंदुस्थानांतून, कराची बंदरांतून, नेले होते. सामुग्रीस तोटा नव्हता. तरी परततांना १८६१ सालीं कूपर नदीच्या कांठीं दोघेही उपासमारीनें क्षीण होऊन मेले. त्याच कांठावर यांद्रुवांधा लोक पिढ्यान्‌पिढ्या मासे आणि नार्डू नांवाच्या वनस्पतीचें पीठ खाऊन राहत होते. त्यांच्या आश्रयास राहिलेला किंग तेवढा वांचला. इतकें होऊनही ती भूमि कोणाचीच नव्हती हें मत तेथील कायद्यांत टिकलें. तेथील सर्वोच्च न्यायपीठानें तें १९९२ सालीं माबो खटल्यांत खोडून काढलें.

आपल्याकडे अशा जमिनीस महसुली दप्तरांत ‘पोटखराब’ म्हणतात. साऱ्याच्या हिशेबापुरता तो शब्द योग्य असेल. परंतु हिशेबाचा शब्द हळूहळू न्यायाचा शब्द होऊन बसतो, आणि जें खराब तें खणावयास मोकळें, असें समजलें जातें. चिरेखाणींत एका हंगामांत जेवढा सडा कापला जातो तेवढा पुन्हा घडणें मनुष्याच्या हिशेबांतलें नव्हे. २०२३ च्या एप्रिलांत बारसू येथें तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीं जमिनीची तपासणी सुरू झाली तेव्हां गांवकरी सड्यावर जाऊन बसले. उद्योग आणि पोट यांचा हा वाद खरा आहे. कोंकणच्या तरुणानें मुंबईचीच वाट कां धरावी, हा प्रश्नही खरा आहे. त्याचा निर्णय करणें या लेखाचें काम नव्हे. मात्र त्या वादांत ‘तेथें आहे काय?’ हा प्रश्न उत्तर म्हणून कोणी पुढें करूं नये. तेथें खालच्या विहिरींचें पाणी आहे आणि तेथेंच आपला सर्वांत जुना लेख आहे.

२०२२ सालीं कोंकणांतील नऊ स्थळें युनेस्कोच्या तात्पुरत्या यादींत आलीं, हें समाधानाचें आहे. पण उरलेल्या ठिकाणांस यादीच्या आधींच खाण गांठील, अशी भीति वाटते. तेव्हां प्रत्येक गांवानें आपल्या सड्याचा नकाशा स्वतः करावा. त्यांत झरे, चित्रें, गुरांच्या वाटा आणि म्हाताऱ्यांस ठाऊक असलेलीं नांवें भरावींत. शाळेंतील मुलें हें काम एका उन्हाळ्यांत करूं शकतील. मात्र नांवें सांगणारे गुराखी थोडे उरले आहेत, हें ध्यानांत ठेवून तें लौकर केलें पाहिजे.