बाळसें आणि घरचें ताट

प्रतापगड हें नांव उच्चारितांच महाराष्ट्रीय वाचकाच्या डोळ्यांपुढें जावळीचें खोरें व इ. स. १६५९ मधील अफझलखानाचा प्रसंग उभा राहतो. आज आम्ही ज्या प्रतापगडाविषयीं लिहीत आहों तो मात्र महाराष्ट्राच्या अगदीं दुसऱ्या टोंकास, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगांव तालुक्यांत आहे. महादेवाचें स्थान, ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा, आणि भोंवतीं जंगल, भातशेती व तलाव, असा हा मुलूख. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते. मागें एका यात्रेस आम्ही याच भागांतील एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. त्यांचा आठ वर्षांचा नातू वयाच्या मानानें बराच स्थूल. डॉक्टरांनीं वजनाविषयीं बजावल्यापासून त्याच्यापुढें निराळें ताट येऊं लागलें होतें. इतरांस भात, तळण व गोड. त्यास अर्धी पोळी व काकडी. पोर खालीं मान घालून जेवी, आणि पंगत उठली म्हणजे आजी त्याच्या हातीं हळूच लाडू ठेवी. या एका ताटामागें या प्रांताचा शंभर-सव्वाशें वर्षांचा इतिहास उभा आहे, असें तें पाहून आमच्या मनांत आलें.

आजीस दोष देण्यापूर्वीं तो इतिहास ध्यानांत घेतला पाहिजे. गोंदिया जिल्हा १९९९ सालीं निराळा झाला. तत्पूर्वीं हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत, व इंग्रजी अमदानींत मध्यप्रांतांत मोडत असे. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं मध्यप्रांत होरपळून निघाला. भात बुडालें म्हणजे गरिबास लाखोळीच्या डाळीचा आधार. पण महिनोन्‌महिने मुख्यतः तिच्यावरच दिवस काढले तर माणसाचे पाय कायमचे लुळे पडत. ज्या घराण्यांनीं असले दिवस काढले, त्यांच्या दृष्टीनें भरलेलें अंग हेंच आरोग्य. मूल ‘बाळसें धरतें’ या आपल्या शब्दप्रयोगांत जें समाधान आहे, त्याच्या मुळाशीं उपासमारीचें भय आहे. आजीचा लाडू हा त्या भयाचाच वारसा होय.

सुकाळांतील ताट मात्र आजच्या ताटाहून पुष्कळ निराळें होतें. कोहळी समाजानें या भागांत बांधलेले तलाव प्रसिद्धच आहेत. नवेगांव बांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नांवाशीं जोडलेला आहे. या तलावांनीं भात पिकविलें, त्याचबरोबर धीवरांच्या हातून मासळी व शिंगाडे घराघरांत पोंचविले. रानांतून मोह व चारोळी येई, शेतांतून जवस. तांदूळ उखळांत मुसळानें कांडलेला असल्यामुळें त्यावरचा कोंडा बराचसा शाबूत राही. त्या काळास सुवर्णयुग ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. पोटभर अन्न त्या वेळीं सर्वांस कधींच मिळालें नाहीं. परंतु जें मिळे तें घरांतील लहानथोर एकाच भांड्यांतून खात, हें खरें.

पुढें गिरण्या आल्या, गोंदिया हें तांदळाच्या व्यापाराचें मोठें केंद्र बनलें, आणि पांढराशुभ्र तांदूळ प्रतिष्ठेचा झाला. त्या शुभ्रतेची किंमत काय, हें जावा बेटांत डच वैद्य आइकमन यांस १८९० नंतरच्या दशकांत कोंबड्यांवरून दिसून आलें होतें. सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडत, व कोंडा दिला म्हणजे त्या सुधारत. या शोधाबद्दल त्यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. तरीही गिरणींत कोंडा गेला. पाठोपाठ मासळी, डाळ व भाजी यांचा वांटा आटला, आणि रिकाम्या जागीं बिस्किटें, गोड पेयें व तळलेल्या पदार्थांचीं पाकिटें येऊन बसलीं.

येथें पुण्याकडील एका संशोधनाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. १९९३ सालीं डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. त्याचे २००३ सालीं प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विचार करावयास लावणारे आहेत. या खेड्यांतील नवजात बालकांचें वजन सरासरी २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउथहॅम्प्टन येथील बालकांचें ३.५ किलो. परंतु हीं मुलें स्नायूंत जितकीं उणीं होतीं, तितकीं चरबींत नव्हतीं. म्हणजे कृश दिसणारें मूलही आंतून चरबी जपून असतें. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आंकडेही हेंच द्वंद्व दाखवितात. २०१९-२१ मध्यें देशांतील पांच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलें वयाच्या मानानें खुजीं होतीं. आणि त्याच वयोगटांत फाजील वजनाच्या मुलांचें प्रमाण २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेलें होतें. उपासमार व स्थूलता या परस्परांच्या वैरिणी नसून, निःसत्त्व अन्नाच्या पोटीं जन्मलेल्या बहिणी आहेत.

मग उपाय कोणता? दुसऱ्या महायुद्धांत व त्यानंतरही, १९४० पासून १९५३ पर्यंत, ब्रिटनमध्यें साखरेवर नियंत्रण होतें. त्या काळांत गर्भावस्था व बाळपणाचीं पहिलीं वर्षें घालविलेल्यांस उतारवयांत मधुमेह होण्याचा धोका, नियंत्रण उठल्यानंतर जन्मलेल्यांच्या मानानें सुमारें ३५ टक्क्यांनीं कमी आढळला, असें २०२४ सालीं प्रसिद्ध झालेलें संशोधन सांगतें. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, तेथें कोणत्याही मुलास ‘तूं लठ्ठ आहेस’ म्हणून पंगतींतून वेगळें बसविलेलें नव्हतें. साऱ्या घराचीच साखर कमी झाली होती.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं हेंच सांगितलें. वाढत्या मुलास उपाशीं ठेवूं नये. पुष्कळदां वजन आहे तेथें थोपविलें तरी पुरतें, कारण उंची वाढते व अंग आपोआप प्रमाणांत येतें. मात्र किती थोपवावें हें डॉक्टरांस विचारूनच ठरवावें. मुलास रोज तासभर मनसोक्त धांवूं-खेळूं द्यावें. आणि मुख्य म्हणजे त्याचें निराळें ताट बंद करावें. कमी सडलेला तांदूळ, डाळ, पालेभाजी, तलावाची मासळी हीं आजोबांच्या ताटांत आलीं म्हणजे नातवाच्या ताटांत येण्यास उपदेशाची गरज उरत नाहीं. आणि पाकीट घरांत आलेंच नाहीं, तर तें नाकारण्याचा प्रसंगही मुलावर येत नाहीं. आजोबांनीं मान डोलविली. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग त्या म्हणाल्या, आपल्या सासूबाईंच्या हातचा कांडलेला तांदूळ तांबूस असे, आणि त्याची पेज पोरें आवडीनें पीत.

त्या दिवशीं रात्रीं पंगतींत सर्वांच्या पानांत एकच जेवण होतें. मुलाचें वजन कांट्यावर एकट्याचें दिसतें. तें वाढवितें मात्र सारें घर, आणि आवरावयाचें झालें तर तेंही साऱ्या घरानेंच आवरलें पाहिजे.