तळटीप १४ : ‘पार्सेकने वाचलेले सोनेगावचे मेटार’

१४. पार्सेक : हास्केल या संगणकभाषेतील लायब्ररी, डान लायेन व एरिक मायर यांनी २००१ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. खगोलशास्त्रातल्या अंतराच्या एककाशी इथे संबंध नाही. मेटार म्हणजे विमानतळावरचा सांकेतिक हवामान-अहवाल. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाची त्यातली खूण ‘व्हीएएनपी’. वेळ जागतिक प्रमाणवेळेत देतात, म्हणून ‘०९००झेड’ म्हणजे नागपुरात दुपारचे अडीच. ‘२७००८केटी’ म्हणजे पश्चिमेकडून ८ नॉट वेगाचा वारा. ‘४३/१०’ म्हणजे तापमान ४३ अंश, दवबिंदू १०.

अशा ओळी वाचायला पार्सेकच्या पद्धतीत एकच लांबलचक प्रोग्राम लिहीत नाहीत. तीन अंकी दिशा वाचणारा, वेग वाचणारा, ‘केटी’ ओळखणारा असे छोटे वाचक सुटे लिहायचे, सुटे तपासायचे आणि मग जोडायचे. पद्धतीचे खरे बळ यातच आहे. ‘आधी हा, मग तो’ आणि ‘हा, नाहीतर तो’ हे मुख्य जोड. वाऱ्याची दिशा अस्थिर असेल तर अंकांच्या जागी ‘व्हीआरबी’ येते. तिथे दुसरा जोड लागतो. अंक की अक्षर, हे पहिल्याच चिन्हावर कळते, मागे फिरावे लागत नाही, म्हणून वाचन वेगाने होते. ढगांच्या ‘एससीटी’ आणि ‘एसकेसी’ या खुणा मात्र एकाच अक्षराने सुरू होतात. एखादे अक्षर वाचून झाल्यावर वाचक अडला, तर पार्सेक दुसरा पर्याय आपणहून पाहत नाही. तिथे ‘ट्राय’, म्हणजे अडल्यास मागे फिरण्याची सूचना, लिहावी लागते. मजकुरातली अडलेली ओळ याच जागची आहे.