वृत्तछायाचित्रे व राजकीय प्रतिमा (नेदर्लंड्स)

वृत्तपत्रे व वृत्तसंस्था यांनी प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांमधून राजकीय नेत्यांविषयी जनमत कसे घडते, याचा नेदर्लंड्समधील इतिहास. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ ही वृत्तछायाचित्रांची जागतिक स्पर्धा १९५५ साली याच देशात सुरू झाली. तिचे मुख्य कार्यालय ॲम्स्टरडॅम येथे आहे.

पूर्वपीठिका : विसाव्या शतकाच्या आरंभी पुढारी छायाचित्रासाठी ताठ बसत आणि लोकांना त्यांचे तेवढेच रूप दिसे. एरिख सालोमोन या जर्मन ज्यू छायाचित्रकाराने ही रीत मोडली. ‘एर्मानॉक्स’ हा छोटा कॅमेरा मंद उजेडातही चाले. तो घेऊन सालोमोन बंद दालनांत शिरत. जानेवारी १९३० मध्ये नेदर्लंड्समधील हेग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी मध्यरात्र उलटल्यावर खुर्च्यांत पेंगणारे मंत्री टिपले. राज्यकर्तेही थकणारी माणसे आहेत, हे वाचकांनी डोळ्यांनी पाहिले. हिटलर सत्तेवर आल्यानंतर सालोमोन हेगला आश्रयास आले. १९४४ मध्ये आउश्वित्झ छळछावणीत त्यांचा अंत झाला.

सायकलचे छायाचित्र : नवे मंत्रिमंडळ राजवाड्याच्या पायऱ्यांवर राजासह छायाचित्रासाठी उभे राहते, अशी प्रथा आहे. मात्र २०१० ते २०२४ या काळात पंतप्रधान असलेल्या मार्क रुटे यांची ओळख ठरली ती सायकल. १५ जानेवारी २०२१ रोजी मंत्रिमंडळाचा राजीनामा राजाला कळवायलाही ते सायकलवरूनच गेले. साध्या राहणीच्या नेत्याचे म्हणून ते दृश्य जगभर पोहोचले. बालसंगोपन अनुदानाच्या प्रकरणात सरकारी यंत्रणेने हजारो पालकांना नाहक लबाड ठरवून कर्जात लोटले होते, म्हणून सरकार पायउतार होत होते. ते पालक त्या चौकटीत नव्हते.

कागदाचे छायाचित्र : मार्च २०२१ च्या निवडणुकीनंतर सरकार स्थापनेची प्राथमिक बोलणी चालू होती. २५ मार्च रोजी कोरोना चाचणीचा अहवाल सकारात्मक आल्याचे कळताच ही बोलणी चालवणाऱ्या मंत्री कायसा ओलोंग्रेन हेगमधील संसद-परिसरातून घाईने निघाल्या. काखेतल्या कागदांची लिहिलेली बाजू बाहेर राहिली होती. ‘एएनपी’ वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकाराने ते टिपले. छायाचित्र मोठे करताच ओळ वाचता आली : ओम्टझिख्ट यांचे स्थान, अन्यत्र पद. पीटर ओम्टझिख्ट हे अनुदान प्रकरण लावून धरणारे खासदार. आपण त्यांच्याविषयी बोललोच नाही, असे रुटे यांनी आधी सांगितले. बैठकीची टिपणे खुली झाल्यावर ते बोलल्याचे उघड झाले. एप्रिलच्या आरंभी संसदेने त्यांच्यावर नापसंतीचा ठराव मंजूर केला. अविश्वासाचा ठराव थोडक्यात फेटाळला गेला. नवे मंत्रिमंडळ १० जानेवारी २०२२ रोजी शपथबद्ध झाले, तेही रुटे यांच्याच नेतृत्वाखाली. ओम्टझिख्ट यांच्या नव्या पक्षाने २०२३ च्या संसदीय निवडणुकीत १५० पैकी २० जागा जिंकल्या.

मूल्यमापन : छायाचित्र एक क्षण दाखवते; त्याच्या आधीचे व नंतरचे शोधावे लागते. सायकलच्या छायाचित्रावर प्रेक्षक कौतुक करून थांबला; कागदाच्या छायाचित्राने त्याला प्रश्न विचारायला लावले आणि उत्तर बैठकीच्या टिपणांत सापडले. नेत्याची प्रतिमा पारखण्याची खरी रीत हीच : आधी चित्र नीट पाहावे, मग कागद मागावेत.