तळटीप : ‘पेढी रजिस्टर केली’

ही नोंदणी आयकर खात्याकडची. भागीदारी अधिनियम, १९३२ खाली निबंधकाकडे होते ती निराळी. दोहोंची गल्लत जाणकारही करतात. १९६१ च्या आयकर कायद्यानुसार नोंदलेल्या पेढीला स्वतःला थोडाच कर लागे. नफा भागीदारांच्या उत्पन्नात धरून ज्याच्या-त्याच्या दराने आकारणी होई. नोंदणी नसली की सगळा नफा पेढीच्याच नावे, वरच्या टप्प्यात. भंडाऱ्यातले पितळी भांड्यांचे कारखानदार, राइस मिलवाले, गोंदियाचे विडीवाले (गोंदिया १९९९ पर्यंत याच जिल्ह्यात) यांना हा फरक चांगलाच जाणवण्याजोगा. समजा, चार भावांच्या मिलला ४०,००० रुपये नफा झाला. तर प्रत्येकाकडे १०,०००च मोजले जात. मात्र भागीदारीपत्रात हिस्से स्पष्ट हवेत, रुपयात चार आणे तर चार आणे, आणि अर्जावर सर्व सज्ञान भागीदारांच्या सह्या हव्यात. १९९२ च्या वित्त अधिनियमाने ही सवड संपवली. आता पेढी असो वा एलएलपी, कर सरसकट ३० टक्के, अधिभार-उपकर वेगळा. नफ्याचा हिस्सा भागीदाराच्या हाती करमुक्त असतो. त्याचा पगार व भांडवलावरचे व्याज मात्र ठरावीक मर्यादेत पेढीच्या खर्ची पडते आणि तेवढ्यावर कर भागीदार भरतो.