मोठ्या बीमचं बॉनमधलं कूळ

वाकून मोडणारा बीम आधी लवतो, पोटाला तडे दाखवतो, माणसांना पळायला वेळ देतो. शिअरने मोडणारा तसा नसतो. आधाराजवळून तिरपा तडा वर चढतो आणि बीम क्षणात जातो. म्हणून तर त्यात रिंगा घालतात.

हा तडा आता संगणकावर आधीच पाहता येतो. या विद्येचा जन्म १९६७ चा धरतात: न्गो आणि स्कॉर्डेलिस यांनी तेव्हा आरसीसी बीमचे कागदोपत्री लहान लहान तुकडे पाडले, तडे आधीच आखून ठेवले आणि गणित संगणकाला दिलं. हे खरंच, पण कूळ त्याहून जुनं आहे आणि ते ऱ्हाइनकाठी बॉनला पोचतं.

हाइनरिश हर्ट्‌झ १८८९ मध्ये बॉन विद्यापीठात प्राध्यापक झाले. जग त्यांना रेडिओलहरींमुळे ओळखतं, पण तरुणपणी ते इंजिनिअर व्हायला निघाले होते. १ जानेवारी १८९४ रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी, ते बॉनमध्येच वारले. त्याच वर्षी त्यांचा यंत्रशास्त्राच्या तत्त्वांवरचा ग्रंथ निघाला. त्याची प्रस्तावना प्रत्येक सिम्युलेशनवाल्याने वाचावी. आपण मनात वस्तूंची चित्रं रचतो, असं ते मांडतात. चित्रातून जे निष्पन्न होतं तेच निसर्गातही घडायला हवं. एकाच वस्तूची अनेक चित्रं निघू शकतात. मग कसोट्या तीन: चित्रात अंतर्विरोध नसावा, ते निसर्गाशी जुळावं आणि कामाला सुटसुटीत असावं.

पाचच वर्षांनी, १८९९ मध्ये, झुरिकच्या विल्हेल्म रिटर यांनी तडकलेला बीम ही एक कैची मानली: रिंगा म्हणजे उभ्या ओढपट्ट्या, मधलं काँक्रीट म्हणजे तिरपे टेकू. एमिल मोर्श यांनी ती रूढ केली. बीमच्या आत कैची कुणी पाहिलेली नाही. हे हर्ट्‌झच्या अर्थाने चित्रच आहे. यावर आक्षेप येतो की ही कैची रिटर यांचे पूर्वसुरी कुलमान यांच्या पूल-आरेखनातून आली, तिथे हर्ट्‌झ कशाला? रेषा कुलमान यांच्याच, यात वाद नाही, आणि रिटर-मोर्श यांनी बॉनचा ग्रंथ उघडला होता असा दावाही इथे नाही. पण दोन चित्रं सारखीच जुळत असतील तर निवड कशी करायची, हा प्रश्न बॉनचा. तो पेटला १९५५ मध्ये.

त्या वर्षी ओहायोतल्या शेल्बीला हवाई दलाच्या गोदामाचं छप्पर कोसळलं. ९१४ मिलिमीटर उंचीचे बीम, मोडल्या जागी रिंगा नाहीत, भार जवळजवळ स्वतःचाच. शिअर ताण सुमारे ०.५ मेगापास्कल. प्रयोगशाळेत एक-तृतीयांश आकाराच्या नमुन्यांनी मात्र त्याच्या दुप्पट ताण पेलला. मग दोष आकुंचनामुळे आलेल्या ओढीवर टाकला गेला. खुलासा पटण्याजोगा होता, कारण नमुने ओढून पाहिल्यावर खरोखरच कमी ताणाला मोडले. आकाराकडे मात्र लक्ष गेलं नाही. १९६७ मध्ये टोरंटोच्या गास्पार कानी यांनी १५० पासून १,२२० मिलिमीटरपर्यंत उंचीचे बीम मोडून दाखवले: उंची वाढते तसा पेलवणारा शिअर ताण घटतो. म्हणजे लहान बीमवर खरं उतरलेलं चित्र मोठ्यावर खोटं पडत होतं.

संगणकापुढेही तोच पेच आला. तडा केव्हा फुटणार हे फक्त ताणावरून ठरवलं, की तुकड्यांची जाळी बारीक केल्यावर उत्तर बदलायचं. स्वीडनच्या हिलेरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये तडा उघडायला लागणारी ऊर्जा हिशेबात धरली आणि गाडी रुळावर आली. बाझांट यांनी १९८४ मध्ये त्याच ऊर्जेतून आकाराचा नियम मांडला. टोरंटोच्या कॉलिन्स यांचं चित्र वेगळं: उंच बीममध्ये तडे दूरदूर पडतात, म्हणून रुंद होतात, आणि दोन्ही काठांच्या खडीची पकड सुटते. हा वाद अनेक वर्षं चालला. साध्या चाचण्यांवर दोन्ही चित्रं जुळतात; कौल द्यायला प्रचंड बीमच लागतात. टोरंटोत चार मीटर उंच, १९ मीटर लांब नमुना मोडला, तेव्हा आधी जगभरच्या अभियंत्यांकडून अंदाज मागवले होते. त्यांच्यातली तफावत प्रचंड निघाली.

अमेरिकी संहितेने रिंगांशिवायच्या बीमसाठी आकाराचा गुणक २०१९ मध्ये घेतला. आपल्या आयएस ४५६:२००० मधल्या शिअरच्या तक्त्यात काँक्रीटची प्रत आणि सळयांची टक्केवारी आहे, बीमची उंची नाही. जाडीचा गुणक आहे तो फक्त स्लॅबला, आणि तोही ३०० मिलिमीटरला एक होऊन तिथेच थांबतो. पुरेशा रिंगा असलेल्या बीमला याची झळ कमी लागते. दीड-दोन मीटर जाडीचे राफ्ट पाये मात्र बहुधा रिंगांशिवायच ओतले जातात.