भाडोत्री सैन्य आणि थकलेले वेतन

कार्थेज हे प्राचीन काळातील धनाढ्य व्यापारी नगर. त्याची भूसेना बहुतांशी आयबेरिया, गॉल, लिबिया इत्यादी प्रदेशांतून वेतनावर आणलेल्या सैनिकांची असे. इ. स. पू. २४१ मध्ये रोमशी चाललेले पहिले युद्ध संपले, तिजोरी आटली आणि नगराने ठरलेल्या वेतनात घासाघीस आरंभिली. त्यातून उद्भवलेले बंड मोडण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लागला. पॉलिबियसने हा प्रसंग अशा सैन्यावर विसंबणाऱ्या राज्यांना इशारा म्हणून कथन केला आहे.

उत्तर पेशवाईतील गारदी व अरब यांच्याविषयी असाच निष्कर्ष काढण्यात येतो: परका शिपाई तो बेइमान. परंतु पुरावा इतका सरळ नाही. इब्राहिमखान गारदी निजामाच्या चाकरीतून पेशव्यांकडे आला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्याची पलटणे अखेरपर्यंत लढली आणि पकडला गेल्यावर त्याला प्राणास मुकावे लागले. याउलट ३० ऑगस्ट १७७३ रोजी सुमेरसिंगाचे गारदी थकलेल्या पगाराची ओरड करीत शनिवारवाड्यात शिरले व नारायणराव पेशव्यांचा वध झाला. मात्र हे शस्त्र वळविणारा हात घरचाच, रघुनाथरावांच्या पक्षाचा होता, हे विसरता येत नाही.

१८१८ चे वर्ष या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. मे महिन्यात सोलापुरास गणपतराव पानसे यांच्या सैन्यातील अरब मुनरोच्या फौजेशी झुंजले. मालेगावच्या अरबांनी तर दुसऱ्या बाजीरावाने ३ जून रोजी शरणागती पत्करल्यानंतरही काही दिवस किल्ला लढविला. त्याच जूनमध्ये खुद्द बाजीरावाच्या छावणीतील अरबांनी मात्र बाकी वेतनासाठी आपल्या धन्यालाच वेढले, आणि माल्कमने मध्ये पडून तो तंटा मिटविला. जात एकच, वर्ष एकच. वर्तन मात्र भिन्न.

तात्पर्य, दोष केवळ शिपायाच्या परकेपणात शोधणे युक्त नव्हे. वेतनावर ठेवलेले सैन्य हा एक करार असतो. तो पाळण्याची ऐपत किंवा इच्छा राज्याने गमावली, अथवा राज्यकर्त्यांत दुफळी माजली, म्हणजे त्या सैन्याचे शस्त्र धन्यावर उलटण्याचा धोका उत्पन्न होतो. म्हणून अशा बंडांचा अभ्यास करताना रणांगणाच्या बखरींइतकेच हिशेबाचे रुमालही तपासले पाहिजेत.